आवाज मागाहून भरू

लॅपटॉपमधली रंगूबाई इटालियन बोलू लागली तेव्हा खरी रंगूबाई शेजारीच ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होती. तिने मान वर केली, स्वतःला नीट न्याहाळलं आणि पुन्हा परातीत हात घातला.

"मी काय म्हणतेय गो?"

"मुलाला जेवायला बोलावतेस, काकी," समीक्षा म्हणाली.

"मंग बरोबर हाय. तेच म्हणत होते."

समीक्षाला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. मुंबईच्या विद्यापीठात ती इटालियन आणि सिनेमा असं दोन्ही शिकत होती. त्याचं पुढे काय होतं हे वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या बापालाही नव्हतं. जुन्या इटालियन सिनेमात कित्येकदा शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत. नट प्रसंगी नुसते आकडे म्हणत तोंड हलवायचे, आवाज मागाहून भरायचा. तसाच एक मुका शॉट आपापल्या गावात घ्या आणि ओठांना बसेल असं इटालियन त्यावर भरा, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं.

बापाने त्याला आपलं काम जोडून दिलं. "चाललीच आहेस, तर वहिनीला खाली घेऊन ये." पोलादपूरच्या वरची ही वाडी सगळी खाली, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरांत उतरली होती. मागच्या डोंगराला भेग गेली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. रंगूबाई तेवढी हलत नव्हती. मागच्या दरडीत तिचा मुलगा हृतिक गेला, तो सापडलाच नाही. "पोर इथं हाय, आन् मी खाली जाऊन पत्र्याखाली बसू?" एवढंच ती म्हणे. सरकारी साहेब येऊन सांगून गेले, दीर, म्हणजे समीक्षाचा बाप, सांगून गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

काल समीक्षाने तिला गोठ्यासमोर बसवलं आणि आकडे म्हणायला सांगितलं. आकड्यांचा तिला कंटाळा. "मग मनात येईल ते बोल, आवाज मी घेतच नाहीये," असं सांगून समीक्षा अंगणापलीकडे, फणसाखाली लावलेल्या कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. तिथे शब्द पोचत नव्हते, पण दिसत होतं. रंगूबाई बोलायची, थांबायची, ऐकायची, हसायची. कोणाशी तरी गप्पा माराव्यात तसं.

रात्री आवाज भरायला बसल्यावर समीक्षाला आणखी एक गोष्ट दिसली. रंगूबाई थांबली की मागच्या शेळ्या चरायच्या थांबत आणि माना वर करून सगळ्या एकाच जागी बघत. त्या जागी काही नव्हतं. समीक्षाने पुन्हापुन्हा मागे नेऊन पाहिलं. शेळ्यांना नाही त्या गोष्टीचं कुतूहल असतं, अशी स्वतःची समजूत घालून तिने लॅपटॉप मिटला. भीती वाटायची ती वाटलीच.

आता रंगूबाईने वाल सोलायचे थांबवले.

"त्याचं का गाळलंस?"

"कोणाचं?"

"हृतिकचं. मी गप हाय, तवा तो बोलतोय ना."

समीक्षा लॅपटॉप मिटायला निघाली. पण बापाचं बजावणं आठवलं आणि तिला युक्ती सुचली. युक्ती फसवणुकीचीच होती, तिला ते कळत होतं.

"तो काय म्हणाला ते सांग, काकी. मी त्याचा आवाज भरते. मग तो यातच राहील. तू त्याला खाली घेऊन जा, रोज बघ. मग येशील ना?"

रंगूबाईने परात बाजूला सारली. मग म्हणाली, "भर."

समीक्षाने शॉट पहिल्यापासून लावला. रंगूबाई एकेका थांब्यावर बोट ठेवून सांगू लागली.

"इथं म्हणाला, भूक नाय... इथं इचारलान, काळी शेळी गाभण हाय का... इथं नुसता हसला."

साधं, रोजचं, कोणत्याही घरात होईल असं बोलणं. त्यानेच समीक्षाला जास्त धडकी भरली.

शेवटचा थांबा सगळ्यांत लांब होता. तिथे शेळ्यांनी माना वळवल्या, त्या थेट कॅमेऱ्याकडे. रंगूबाई काही सांगेना.

"इथे काय म्हणाला?"

"इथं मला नाय बोलला. तुज्यापाशी आला होता ना."

समीक्षाने पडद्यावरची नजर काढली नाही. तिला काढवेना.

"इचारत होता, मी येऊ का तुज्यासंगं. तू हो म्हणालीस."

काल समीक्षा खरंच हो म्हणाली होती. झालं का, असं काकीने विचारलं असेल, असं समजून म्हणाली होती. पण काकी अंगणापलीकडे होती, आणि प्रश्न अगदी कानाशी आला होता. हे तिला आत्ता आठवलं.

"म्हंजे आता माजं इथं काय काम," रंगूबाई म्हणाली. तिचा चेहरा हलका झाला होता. तिने सोललेले वाल फडक्यात बांधले, दोन लुगड्यांचं बोचकं केलं, दाराला कडी घातली आणि शेळ्या सोडल्या. बापाने ज्यासाठी समीक्षाला धाडलं होतं ते काम झालं होतं.

उतरणीची वाट एका वेळी एकाच माणसाची होती. पुढे शेळ्या, मग रंगूबाई, मग समीक्षा. पहिल्या वळणावर समीक्षाच्या मागे खडी सरकली. ती जागच्या जागी थबकली.

रंगूबाईने मागे पाहिलंसुद्धा नाही.

"चाल गो," ती म्हणाली. "त्याला वाट म्हाईत हाय."