चित्रकोटसाठी सोळा जागा

रविवार, ७ जानेवारी १९६२, सायंकाळी सव्वापाच. भिलाईच्या सेक्टर दोनमधील जानरावांच्या क्वार्टरच्या अंगणात सोळा माणसे जमली होती: आठ नवरे आणि त्यांच्या आठ बायका. मधोमध बस्तरचा नकाशा पसरलेला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर पोलाद प्लँटमधले नटबोल्ट ठेवले होते.

"केशकालचा घाट, कोंडागाव, जगदलपूर," जानराव पेन्सिल फिरवीत म्हणाले. "पहिल्या दिवशी आठवडी बाजार अन् मुरिया आदिवाश्याईचा नाच. दुसऱ्या दिवशी कुटुमसरची गुहा. मंग चित्रकोट."

"चित्रकोटले पुरा दिवस पाह्यजे," त्यांची पत्नी सत्यशीला म्हणाली.

भिलाईत आल्यापासून तिची एकही रात्र क्वार्टरबाहेर गेली नव्हती. चित्रकोटचा धबधबा तिने फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. सहल यापूर्वी दोनदा ठरली आणि दोनदा पुरुषांना रजा न मिळाल्याने रद्द झाली.

"बसवाल्याले जागा किती सांगू?" शेजारच्या शामरावांनी विचारले.

"सोळा," सत्यशीला म्हणाली.

जानरावांनी अंगणावर नजर फिरवली. "बरोबर. अन् लेकरं?"

"घरी राहतीन. रिलीव्हर पाहून ठेवले आमी."

जानराव प्रसन्न झाले. भट्टीवर त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी घरातही शिकवला होता: बदली माणूस तयार केल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही. आठही घरांत एकेक म्हातारी आई होती. प्रश्न मिटला होता. उंबऱ्यावर शेंगा सोलत बसलेल्या आईकडे त्यांनी पाहिले.

"माय, जमन ना तुले?"

"माहं काय बाप्पा," गिरजाबाई म्हणाल्या. "जिथं बसवान, तिथं बसीन."

"अन् जंगलात रांधन कोण?" शामरावांच्या भागाबाईने विचारले.

"आमी!" जानराव म्हणाले. "तुमी धबधबा पाहा. भट्टी चालवणाऱ्याले चूल काय जड हाय?"

"शिकल्याबिगर चार्ज भेटत नाही," सत्यशीला म्हणाली. "तुमचाच कायदा हाय."

दुसऱ्याच दिवशी आठही घरांत शिक्षण सुरू झाले. जानरावांचा पहिला भात करपला. भागाबाईने भिंतीवरून डोकावून पाहिले.

"भावजी, हे मेटल हाय का स्लॅग?"

भट्टीतल्या मळीसारखा काळा थर जानराव पातेल्यातून खरवडत राहिले. आठवड्याने भात मोकळा झाला, पिठल्यातल्या गुठळ्या गेल्या, भाकरी फुगू लागली.

"एकदा सोळा जणाईचं रांधून पाहू दे," ते म्हणाले.

"आधी चौघाईचं जमू द्या," सत्यशीला म्हणाली.

राहता राहिली रजा. शिफ्टचे प्रमुख अरुणकुमार यांनी अर्ज बाजूला सारला.

"जानराव, आप घूमने जाएंगे, तो भट्टी कौन देखेगा?"

"चंपत, साहेब. मी तयार केलं त्याले. आज माझ्या जागेवर उभा करून पाहा."

साहेबांनी खरोखर पाहिले. चंपतने पूर्ण पाळी बिनचूक सांभाळली. सायंकाळी अर्जावर सही झाली. बाकीच्या सातही जणांनी आपापल्या खात्यांत हीच रीत वापरली आणि त्या आठवड्यात आठही रजा मंजूर झाल्या.

बातमी ऐकून सत्यशीला ओट्यावर बसली. तिने पदराने चेहरा पुसला आणि मोठ्याने हसली.

"आता कोनाच्या बापाच्यानं थांबत नाही!"

निघण्याच्या सकाळी बस क्वार्टरांच्या लाईनीच्या तोंडाशी उभी राहिली. जानरावांनी बुटांना पॉलिश केले होते. खांद्यावर पिशवी होती. आधी बायांना चढू द्यावे, असे त्यांनी बाकीच्या पुरुषांना सांगितले आणि सगळे शिस्तीने बाजूला उभे राहिले.

शेवटी सत्यशीला आली. तिने धाकट्या हिराला जानरावांच्या कडेवर दिले. मोठी दोन्ही पोरे बापाला येऊन चिकटली.

"अवो, दूध तापवून ठेवलं हाय," ती पायरीवर चढत म्हणाली.

"मले काहून सांगून राहिली? मायले सांग. माय कुठं हाय?"

आधीच बसमध्ये जाऊन बसलेल्या गिरजाबाईंनी खिडकीतून हात हलवला.

"रिलीव्हर तयार हाय," सत्यशीला म्हणाली. "चार्ज घ्या."

बस हलली. सोळा जागा भरल्या होत्या: आठ सुना, आठ सासवा.