पक्षीमित्र दत्तोपंत

"काका, तो काळा कोणता?" रूपालीताईंनी विचारलं आणि अख्खी कॉलनी दत्तोपंतांच्या तोंडाकडे बघू लागली.

नाथसागर जलाशयाच्या काठावर थंडी हाडात शिरत होती. उस्मानपुऱ्याहून बस करून आलेली मंडळी माकडटोप्या आणि शाली सावरत उभी होती. समोर उथळ पाण्यात पक्षीच पक्षी. त्यातल्या त्या काळ्या पक्ष्याबद्दल दत्तोपंत ठामपणे एवढंच सांगू शकले असते, की तो काळा आहे.

हे सगळं त्या बातमीमुळं झालं होतं. उन्हाळ्यात गच्चीवर जाळीत अडकलेलं एक कबूतर त्यांनी सोडवलं. शेजारच्या कुणीतरी फोटो काढला आणि एका स्थानिक पेपरात तो छापून आला, 'पक्षीमित्र दत्तोपंतांनी वाचवले कबुतराचे प्राण.' कबुतरांना पिटाळायला ती जाळी दत्तोपंतांनीच लावली होती, हे बातमीत नव्हतं. त्यांनीही ते कुणाला सांगितलं नाही. उलट पेपराची कात्रणं सोयगावच्या नातेवाइकांपर्यंत पोचवली. मग कॉलनीच्या हिवाळी कार्यक्रमांत सूर्यनमस्कार झाले, हुरडा झाला आणि पक्षीनिरीक्षणाचा रविवार आपसूक त्यांच्या गळ्यात पडला. तेव्हाही नाही म्हणता आलं असतं. पण भर बैठकीत टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजल्यावर नाही म्हणणं दत्तोपंतांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

तरी निभावलं असतं. कॉलनीत पक्ष्यांतलं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. पण त्यांच्या मुलीनं, नीरजानं, ऐन वेळी विश्वजीतला बसमध्ये आणून बसवलं.

विश्वजीत देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातला, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर. नीरजाला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. दत्तोपंत कित्येक महिने 'बघू' म्हणत होते. मुलात खोट नव्हती. आपल्या घरात असं प्रेमाचं लग्न आजवर झालं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मोठ्यानं म्हणायची त्यांना लाज वाटायची. म्हणून 'बघू'. आज तोच मुलगा समोर उभा होता आणि त्याच्या गळ्यात हातभर लांबीची दुर्बीण होती. ती पाहूनच दत्तोपंतांनी ताडलं, हा जाणकार निघाला. इतक्या महिन्यांच्या 'बघू'चं उट्टं काढायला याहून चांगली सकाळ त्याला मिळाली नसती.

"काळा धोबी," दत्तोपंत म्हणाले. धोबी नावाचा एक पक्षी असतो, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

सगळ्यांच्या नजरा दुर्बिणीकडे वळल्या. विश्वजीतनं ती डोळ्यांना लावली, बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे काकांचं."

आता हा पुढं काहीतरी बोलेल म्हणून दत्तोपंत वाट पाहत राहिले, पण त्यानं नुसती दुर्बीण खाली घेतली. पुढच्या तपकिरी पक्ष्याला त्यांनी बदकाची मादी ठरवलं. विश्वजीतनं त्यालाही मान डोलावली. मग मात्र दत्तोपंतांना चेव आला. एका पायावर उभा असलेला सायबेरियातून उडत आल्यानं थकलाय, असं त्यांनी सांगून टाकलं. "लई लांबून येतात बिचारे," विश्वजीतनं जोड दिली. बायका हळहळल्या. विजेचं बिल जास्त का आलं हेसुद्धा दत्तोपंतांकडून पटवून न घेणाऱ्या त्यांच्या पत्नी अंबिकाबाई त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या. तेवढ्यात गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा एकदम उठला आणि सारं आभाळ रंगलं. तेवढ्या एका पक्ष्याचं नाव दत्तोपंतांना खरंच येत होतं, पण ते कुणी विचारलंच नाही. ते सगळ्यांनाच येत होतं.

चहाच्या वेळी दत्तोपंतांनी विश्वजीतला बाजूला नेलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चारचौघांत पाणउतारा करायची संधी या मुलानं हसत सोडून दिली होती. त्याच्या जागी आपण असतो तर? आपण ती सोडली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी जाळीपासून सगळं सांगून टाकलं.

"तुम्ही जाणकार माणूस," ते म्हणाले. "सकाळपासून मी तोंडाला येईल ते बोलतोय आणि तुम्ही माझी लाज राखताय. एवढं मोठं मन माझ्याकडं नाही, विश्वजीतराव. मी तुम्हाला ओळखायला चुकलो."

विश्वजीतनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, मला कावळ्या-चिमणीच्या पुढं काय बी ओळखू येत नाय," तो म्हणाला. "तुम्हाला पक्ष्यांचं लई वेड आहे, असं नीरजा म्हणाली. म्हणून दुर्बीण मित्राची मागून आणली. तुम्ही जे नाव घ्याल त्याला व्हय म्हणायचं, एवढंच ठरवून आलो होतो. ती धड दिसत पण नाय हो. काच फिरवायची कशी, तेच मला कळलं नाय."

गार झालेला चहा दत्तोपंतांनी एका घोटात संपवला. मग मंडळींकडे एक चोरटी नजर टाकून ते त्याच्या कानाशी वाकले.

"हे अंबिकाच्या कानावर जाऊ देऊ नका, जावईबापू."