आखूड दोर

ओहोटी लागली तसा दोर ताणला आणि जेट्टीला बांधलेल्या होडीचं नाक वर उचललं गेलं. भरतीत बांधताना दोर सैल ठेवायचा असतो, हे जन्मभर मासेमारी केलेले आबा आज विसरले होते.

"आबा, लक्ष कुठंय?" लेकीनं विचारलं. उद्या ती भौतिकशास्त्र शिकायला दिल्लीला निघणार होती.

आबांनी उलट तिलाच विचारलं, "सूर्य येवढा मोठा, तरी भरती चंद्रामुळंच जास्त का येते गं?"

"चंद्र जवळ आहे ना. अंतर वाढलं, की ओढ कमी होते."

आबा ताणलेल्या दोराकडं वळले. तिकडंच बघत म्हणाले, "आन् वजन वाढलं तर?"

"तर ओढ वाढते."

त्यांनी वाकून दोर सैल सोडला. होडी अलगद पाण्यावर टेकली.

"मग तिथं पोटभर जेवत जा, बाय."