मनुबाईची तक्रार बंद होईना

कुपवाडच्या कडबाकुट्टी, म्हणजे गुरांचा चारा कापायच्या यंत्रांच्या कारखान्यात तक्रारी संगणकच सांभाळायचा. नियम तिथं संगणक बघणाऱ्या जयराजनं घातलेला: 'काम झालं का?' या निरोपाला तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तक्रार आपोआप बंद.

कोयनानगरच्या मनुबाईनं कळवलं होतं, 'झाकण ढिलं हाय, कुणाला तरी धाडा.' कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तक्रार बंद झाली, तिला आभाराचा निरोपही गेला. चौथ्या दिवशी तिचा उजवा हात यंत्रात गेला, आणि हातामागोमाग मनुबाई गेली.

सोमवारी तीच तक्रार पुन्हा उघडली. पुढं शेरा होता: 'दुरुस्तीला निघाली. पाटण.' जयराजनं ती बंद केली. मंगळवारी 'कराड', बुधवारी 'आष्टा'. कराडच्या संगमावर पाय धुऊन, उसाच्या कडेकडेनं माहेरवाशीण यावी तशी.

"तुझ्या नियमाला पाय फुटलं रं गड्या," शेजारच्या टेबलावरचा शिवतेज हसला.

गुरुवारी भर दुपारी शेरा आला: 'बुधगाव. पोहोचली.' खाली जयराजच्याच घराचा पत्ता होता.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, क्रांतीचा, फोन आला. "आवं, तुमी धाडलेली बाई आलीया, आपली कडबाकुट्टी बघायला. लय गोड बोलती. उजवा हात तेवढा पदराखालनं काढत न्हाई."

"पोर कुठाय?"

"शिवांजलीला घिऊन गोठ्यात गेलीया. म्हणली, झाकण ढिलं हाय, धराय कुणीतरी पायजे."

पडद्यावरचा शेरा बदलला: 'काम सुरू.'