भुंग्याची शिक्षा

ठमीने झोपलेल्या भुंग्या कुत्र्याची शेपटी ओढली आणि तो दचकून तिच्या हाताला चावला. दात जेमतेम उमटले होते, पण बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आईने साबण लावून हात नळाखाली धुतला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तरी बाबांचं पालुपद सुरूच, "आजच्या आज हा कुत्रा घरातून गेला पाहिजे!"

त्याला कोणी नेतंय का, हे ते फोनवर विचारत होते, तेवढ्यात ठमी भुंग्याला पट्ट्याने ओढत घेऊन आली. त्याला तिने भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसवलं. तो बिचारा तिथेही शेपटी हलवत बसला.



"बाबा, मी दादाला चावले होते, तेव्हा तू मला एवढीच शिक्षा केली होतीस ना?"