कौलांची बिअर

"मोजमाप बघ, स्यूर्ड. अजून चार सेंटीमीटर बाकी आहेत," बांधकाम कंपनीचे मालक तेर्पस्ट्रा फोनवर म्हणाले. "घर पूर्ण उंचीला पोचलंच नाही, तर बिअर कसली?"

स्यूर्ड हा कौलं बसवणाऱ्यांचा मुकादम. तो त्या वेळी नऊ मीटर उंचीवर आढ्यावर बसला होता. आढं चढलं की वर झेंडा लावायचा आणि मालकाने जागेवर येऊन सगळ्यांना बिअर पाजायची, असा नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांताचा जुना रिवाज. झेंडा तीन दिवस फडकत होता. मालकाचा पत्ता नव्हता.

"ते चार सेंटीमीटर म्हणजे वरचं शेवटचं कौल, साहेब," स्यूर्ड म्हणाला. "ते बसवायलाच तर तहान लागते."

तेर्पस्ट्रांनी फोन ठेवला. सात महिन्यांत त्यांनी बांधकामावर पाऊल टाकलं नव्हतं, आणि नेमका त्याचाच त्यांना अभिमान होता. दर शुक्रवारी भर दुपारी त्यांच्या ऑफिसातली मोजणीदार विट्स्के ड्रोन उडवायची, सरळ खाली बघत चारशे फोटो काढायची आणि संगणक ते जोडून द्यायचा. त्यातून दोन सेंटीमीटरची वस्तूही निसटत नसे. चिखलात उतरायचं ते ज्यांना गणित येत नाही त्यांनी.

स्यूर्डने वाद घातला नाही. त्याने झेंडा उतरवला आणि त्या जागी लांब दांड्याचा खराटा उलटा बांधला. याचा अर्थ तिथल्या शाळकरी पोरांनाही कळतो: इथला मालक चिक्कू आहे. रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले मुद्दाम भोंगा वाजवून जाऊ लागले. ड्रोनला मात्र डोक्यावरून तो खराटा म्हणजे मसुरीएवढा तपकिरी ठिपका. विट्स्केने अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं: 'आढ्यावर आराखड्यात नसलेली वस्तू आहे. एकदा येऊन पाहावी.' उत्तर आलं: 'मतं नकोत, फोटो पाठव.'

पुढच्या साठ घरांचं काम कुणाला द्यायचं, हे गुरुवारी ठरणार होतं. ते काम मिळालं नाही तर तेर्पस्ट्रांना अर्धं ऑफिस बंद करावं लागणार होतं. म्हणून सभागृहाच्या भिंतीसाठी त्यांना तीन मीटर रुंद फोटो हवा होता. दुपारचे फोटो त्यांना निर्जीव वाटले. संध्याकाळच्या उन्हात काढ, ते म्हणाले.

"सूर्य खाली गेला की सावल्या लांबतात," विट्स्के म्हणाली.

"लांबू देत की."

सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला तेव्हा तिने फोटो काढला. दीड मीटरचा खराटा कोऱ्या वाळूवर चौदा मीटरचा झाला होता. तिने फोटो पाठवला, आणि या वेळी मत कळवलं नाही.

गुरुवारी तेर्पस्ट्रा त्या फोटोपुढे पाऊण तास बोलले. समोर गृहनिर्माण संस्थेच्या प्रमुख हिल्केमाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं तेर्पस्ट्रांनी चारदा सांगितलं. शेवटी ते स्वतःच सावलीकडे वळले. "आणि हिरवाईही राखलीय आम्ही. या कोपऱ्यातल्या झाडाने बघा कसा उठाव आलाय."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. विट्स्केने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"मी रोज सायकलवरून तिथूनच जाते," हिल्केमाबाई म्हणाल्या. "तिथे एकही झाड नाही."

तेर्पस्ट्रा वळून फोटोकडे बघत राहिले. या वेळी त्यांना दांडा दिसला. मग काड्या दिसल्या.

बाईंनी फाइल मिटली. "माझे वडील कौलं बसवायचे. असलं झाड त्यांनी आयुष्यात एकदाच लावलं. ते घर पडून तीस वर्षं झाली, पण मालकाचं नाव गावाला अजून पाठ आहे."