बॉनेटवरचा डाग

बाबा महिनाभर सांगलीला आत्याकडे गेले आणि मी दर रविवारी त्यांची गाडी घासायला घेतली. आई गेल्यापासून ती दारात धूळ खात पडली होती. कुणी हात लावलेला बाबांना खपायचा नाही.

आधी पॉलिश पेपर, मग रबिंग, शेवटी वॅक्स. बॉनेटवरचा लालसर डाग मात्र हटेना. त्याने एकट्याने दोन रविवार खाल्ले.

परतल्यावर बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून बॉनेटपाशी थांबले.

"इथला डाग?"

"काढला! खांदे भरून आले माझे."

"गाडी आणली त्या दिवशी तुझ्या आईने इथे ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं."

बाबा त्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

मी मान खाली घातली. चकचकीत बॉनेटमध्ये त्यांचा चेहरा लख्ख दिसत होता.